कोठीवरचा माणूस

साजगावात लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी भटजींकडे जायचा आणि तिथून तसाच अण्णांकडे. भटजी मुहूर्त द्यायचे, अण्णा कोठी सांभाळायचे. कोठी म्हणजे मांडवामागची ती अंधारी खोली, जिच्यात तेलाचे डबे, साखरेचं पोतं, नारळ आणि बुंदीच्या पराती असतात आणि जिची किल्ली एकाच माणसाच्या कमरेला असते. अण्णा खोपोलीच्या एका कारखान्यात तीस वर्षं स्टोअरकीपर होते. सहीशिवाय त्यांच्याकडून वॉशर सुटला नाही, तर तूप काय सुटणार? आचारी चौथा डबा मागायला आला की अण्णा विचारायचे, "तिसरा दाखव." रिकामा डबा उपडा करून, बोटाने आतून निपटून बघायचे आणि मगच चौथा बाहेर यायचा. पंगत उठली की वऱ्हाड पान खायला जायचं, अण्णा उष्ट्या पत्रावळी बघायला जायचे. भात किती उरलाय त्यावरून पुढच्या पंगतीचं आधण ठरायचं.

अशा माणसाच्या मेव्हण्याने आपल्या मुलीचं लग्न दक्षिण गोव्यात, समुद्रकाठच्या रिसॉर्टवर काढलं. मेव्हणे पुण्याचे, मुलगी आयटीतली, मुलगाही आयटीतला, खर्च निम्मा-निम्मा. पत्रिका फोनवर आली. अण्णांनी ती लांब धरून दोनदा वाचली आणि पहिला प्रश्न केला, "कोठीवर कोण?"

"अण्णा, तिथे कोठी नसते. ऑल-इन्क्लुझिव्ह आहे. राहणं, खाणं, पिणं, सगळं पॅकेजमध्ये."

"म्हणजे कुणीच नाही," अण्णा म्हणाले.

दुसरी अडचण तिथीची होती. लग्न मार्गशीर्ष शुद्ध द्वितीयेचं, आणि कार्तिक वद्य एकादशीला आमच्या साजगावची यात्रा सुरू होते ती चांगली पुढपर्यंत चालते. आमचा विठोबा म्हणजे धाकटी पंढरी, पण साऱ्या खालापुरात तो ओळखला जातो 'बोंबल्या विठोबा' म्हणून. तुकाराम महाराज इकडे मिरच्या विकायला आले, लोकांनी त्यांना बुडवलं, तेव्हा ज्याच्या नावाने बोंब मारली तो हा विठोबा, असं कुणी सांगतं. कुणी म्हणतं, कसली बोंब, यात्रेत सुके बोंबील विकायला येतात म्हणून बोंबल्या. दुसरी व्युत्पत्ती नाकाला पटते. देवळात टाळ, आणि बाहेर बोंबील, वाकट्या, सोडे, जवळा, खारे बांगडे यांचे ढीग. विठ्ठलाच्या दारात मासळीचा बाजार भरलेला पाहून परगावचा माळकरी गडबडतो. आम्ही नाही गडबडत. अण्णांनी तर त्याच कारणाने जन्मात माळ घातली नाही. म्हणतात, "माळ घातली तर यात्रेला जायचं कशाला?"

तर यात्रा अर्धी टाकून जायचं ठरलं. एकादशीलाच अण्णांनी वधूपित्यासाठी दोन किलो बोंबील निवडून घेतले, चार वर्तमानपत्रांत बांधले, वर प्लॅस्टिक, वर काकूंचं जुनं लुगडं. पनवेलहून रात्रीची कोकणकन्या. संध्याकाळपासून अण्णा जेवले नव्हते. काकूंनी डबा काढला तर म्हणाले, "उद्या दुपारपासून पॅकेज चालू होतंय. आतापासून पोट कशाला अडवायचं?"

इथे एक खुलासा करतो. अण्णांना हावरट म्हणणारे लोक आहेत, त्यांना अण्णा कळलेलेच नाहीत. हावरट माणूस स्वतःसाठी खातो. अण्णा मेव्हण्यासाठी खात होते. माणशी रोजचे नऊ हजार मोजलेत हे त्यांनी तिथली व्यवस्था बघणाऱ्या इव्हेंटवाल्या मुलीकडून पहिल्या अर्ध्या तासात काढून घेतलं होतं, आणि तो आकडा त्यांच्या छातीवर बसला होता. माल इश्यू झालाय, पैसे चुकते झालेत आणि खप होत नाहीये, ही स्टोअरकीपरच्या आयुष्यातली सर्वांत वाईट अवस्था. म्हणून खपाची जबाबदारी त्यांनी अंगावर घेतली. रिसॉर्टमधल्या साबणाच्या वड्या पिशवीत भरणाऱ्यांतलेही ते नव्हेत. "घरी नेलं की ती चोरी. इथं वापरलं की तो हक्क."

रिसॉर्टच्या दारात सगळ्यांच्या मनगटाला केशरी पट्टा बांधला. अण्णांनी तो उलटसुलट करून बघितला. "आमच्या गुरांच्या कानात सरकारने पिवळा बिल्ला मारलाय, बारा आकडी. हे तसंच." पट्टा बघून वेटर हसतो, पट्टा बघून बारवाला ग्लास भरतो, हे कळल्यावर मात्र त्यांनी सदऱ्याची उजवी बाही तीन दिवस दुमडूनच ठेवली.

ही पॅकेजची कल्पना तशी जुनी. 1950 साली जेरार ब्लित्झ नावाच्या माणसाने स्पेनच्या माजोर्का बेटावर तंबू ठोकून सुट्टीची वसाहत काढली, तिचं नाव क्लब मेड. राहणं-खाणं एकाच किमतीत. पेयांचे पैसे तेवढे वेगळे, पण पोहण्याच्या कपड्यांना खिसा कुठला असायला? म्हणून पुढे गळ्यात मण्यांची माळ घालायची पद्धत पडली, पेला घ्यायचा आणि माळेतला एक मणी तोडून द्यायचा. मी हे गाडीत सांगितलं तेव्हा अण्णा बराच वेळ गप्प बसले होते. पेणच्या पुढे म्हणाले, "माळेचा असा उपयोग आपल्या इकडे कुणाला सुचला नाही हे बरंच झालं."

अण्णा स्वतः दारू पीत नाहीत, पण बार तर पॅकेजमध्ये. त्यांनी तोड काढली. काउंटरवर जाऊन सांगायचे, "लिंबू घाल, पुदिना घाल, सोडा, साखर, बर्फ, सगळं घाल. दारू तेवढी बाजूच्या ग्लासात दे." सरबत स्वतः प्यायचे आणि बाजूचा ग्लास नवऱ्या मुलाच्या मामांकडे पोचवायचे. पहिल्या संध्याकाळी मामांच्या पुढ्यात असे सात ग्लास जमले. दोन्ही घरांत त्या लग्नामुळे जो जिव्हाळा निर्माण झाला त्याचा उगम तिथे आहे.

न्याहारी सात ते साडेदहा. अण्णा सातला जात आणि सव्वादहाला शर्ट बदलून पुन्हा जात. बुफेला आधी नुसती प्रदक्षिणा, हात मागे बांधून, झाकणं उचलून. मग पहिला घास कशाचा घ्यायचा ते ठरे. पाव आणि बटाटा यांना ते हात लावत नसत. "हे पोट भरायला ठेवतात. महाग माल कोपऱ्यात असतो." कोपऱ्यात मासा होता. पांढराशुभ्र, चौकोनी, वर लिंबाची चकती. अण्णांनी तुकडा जिभेवर ठेवला, डोळे मिटले, उघडले.

"याचा काटा कुठाय?"

"बासा आहे सर, बोनलेस," वेटर म्हणाला.

बासा म्हणजे मूळचा व्हिएतनामच्या नदीतला, तळ्यात पोसलेला मासा. खिडकीतून अरबी समुद्र दिसत होता, त्यात दोन होड्याही होत्या. अण्णा एकदा होड्यांकडे आणि एकदा ताटलीकडे बघत राहिले. "काटा नाही, वास नाही. मग मासा कशावरून?" तरी चार तुकडे खाल्ले, मेव्हण्यासाठी.

वास होता तो बोंबलांना, आणि तो आमच्या खोलीतून निघून तिसऱ्या मजल्यावरच्या गार बोळात हिंडत होता. दुपारी गॅसगळती शोधायला दोन माणसं आली. त्यांच्यामागून मॅनेजर आला. गाठोडं सापडलं. मॅनेजर इंग्रजीत, अण्णा मराठीत, अशी दहा मिनिटं बोलणी झाली. शेवटी सामान वाहणारे एक वयस्क गृहस्थ पुढे झाले. ते सासष्टीतलेच. त्यांनी लुगड्याला नाक लावलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "सुके बोंबील न्हय हे?" गोव्यातही पावसाळ्यापूर्वी घरोघर सुके मासे, मिरच्या भरून ठेवतात, पुरुमेंत म्हणतात त्याला. म्हणजे आमची आगोटच. दोघे बोळात उभे राहून वाकटीवर बोलायला लागले आणि मॅनेजर नुसताच बघत राहिला. गाठोडं नोकरांच्या स्वयंपाकघरात हलवावं असा तह झाला.

हळद प्रतिपदेला, सकाळी अकराची. इव्हेंटवाल्या मुलीने पिवळ्या गाद्या, तक्के, झेंडूच्या माळा आणि हळदीचं पितळी घंगाळ ओल्या वाळूला लागून मांडलं होतं, कारण फोटोत पाणी जवळ दिसायला हवं. अण्णा तिच्यापाशी गेले. "बाई, आज तिथी काय?" तिला तारीख ठाऊक होती. अण्णांनी बोटांवर मोजलं. यात्रेत बोंबील विकायला येणाऱ्या कोळणींकडून ते हा हिशेब शिकले होते: तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. "प्रतिपदा, म्हणजे पाऊण. पाऊण वाजता भरती. काल अमावास्या होती, उधाणाचं पाणी येणार. गाद्या मागे घ्या." ती गोड हसून म्हणाली, काका, तोपर्यंत आपलं आटोपलेलं असेल. तशी आटोपतही होती. पण पाऊणची भरती म्हणजे पाणी पाऊणलाच अचानक उगवतं असं नाही, ते आधीपासून चढत येतं. शिवाय अण्णांचा हिशेब मुंबईकडचा, आणि भरती गोव्याला लवकर लागते, वर मुंबईकडे मागून पोचते. साडेअकराला एक लाट आली ती सरळ तक्क्यांवर. नवरी उठून पळाली, नवऱ्याची आत्या गादीसकट दोन हात सरकली. घंगाळ तरंगत निघालं आणि मागे पाण्यात पिवळा पट्टा उमटत गेला. अण्णा धोतर खोचून गुडघाभर पाण्यात शिरले आणि घंगाळ घेऊन आले. आत डोकावून म्हणाले, "अर्धी गेली."

तेव्हापासून ती मुलगी प्रत्येक गोष्ट अण्णांना विचारायला लागली. द्वितीयेला गोरज मुहूर्ताच्या वेळी ओहोटी असेल हे त्यांनीच सांगितलं, आणि होतीही. वाऱ्याने अंतरपाट शिडासारखा फुगला, भटजींच्या अर्ध्या मंगलाष्टका समुद्राने ऐकल्या, अक्षता आमच्याच तोंडावर आल्या. पण पाणी पार लांब होतं.

रात्री दहानंतर बाहेर स्पीकर लावायचा नाही असा 2000 सालापासूनचा नियम आहे, आणि गोव्याने त्यावर उपाय काढलाय: प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, ज्याचं गाणं त्याच्या कानात. अण्णांनी पॅकेजमध्ये आहेत म्हणून तेही लावले. लांबून बघताना सगळं वऱ्हाड चंद्रकोर मावळलेल्या अंधारात निमूटपणे उड्या मारत होतं आणि मधोमध अण्णा, कानाला काय लावलंय ते विसरून, गावाच्या आवाजात सगळ्यांना विचारत होते, "बँड कधी सुरू होणार?"

तिथून ते गायब झाले. मी शोधत मागच्या बाजूला गेलो. नोकरांच्या जेवणघरात, ट्यूबलाइटखाली, ते सासष्टीचे गृहस्थ, दोन आचारी आणि अण्णा पाटासारख्या बाकावर जेवत होते. बांगड्याचं हुमण, उकड्या तांदळाचा भात आणि साजगावचे भाजलेले बोंबील. अण्णा काटे काढून ताटाच्या कडेला ओळीने लावत होते. मला बघून म्हणाले, "बस. हे पॅकेजमध्ये नाही."

जेवण झाल्यावर तिथल्या स्टोअरवाल्याने आम्हांला त्याची कोठी दाखवली. थंड खोली, लोखंडी मांडण्या, प्रत्येक डब्यावर आल्याची तारीख, प्रत्येक कप्प्याला बिन कार्ड. अण्णांनी एक कार्ड उचललं, चष्मा कपाळावरून खाली घेतला, आवक-जावक-शिल्लक असं बोट फिरवलं, मग हळूच डबे मोजले. शिल्लक जुळली. त्यांनी कार्ड होतं तिथे, होतं तसं, अडकवलं.

"उरलेलं अन्न?" त्यांनी विचारलं. स्टोअरवाल्याने सांगितलं, न उष्टावलेलं नोकरांना, उष्टं डुकरं पाळणारा घेऊन जातो, रोज वजन करून. अण्णा बराच वेळ मान हलवत राहिले.

दुसऱ्या दिवशी ते न्याहारीला एकदाच गेले, आणि एक इडली खाऊन उठले. काकू घाबरल्या, कपाळाला हात लावून बघितला. "ताप नाही," अण्णा म्हणाले. "कोठीवर माणूस आहे."

मेव्हण्याच्या वाट्याला बोंबील उरले नाहीत. म्हणून परत आल्यावर अण्णा मला घेऊन तडक यात्रेत गेले. पालं उठायला लागली होती, भाव उतरले होते. नेहमीच्या कोळणीपुढे त्यांनी बैठक मारली आणि बोंबलाची जुडी हातात घेऊन वाकवून बघायला लागले. दुमडलेल्या बाहीखाली केशरी पट्टा तसाच होता, जरा मळलेला.

"हाताला काय बांधलंस रं?"

"याला पट्टा म्हणतात," अण्णा म्हणाले. "हा असला की कशाचेच पैसे पडत नाहीत."

तिने त्यांच्या हातातली जुडी काढून घेऊन ढिगावर ठेवली.

"मंग तो पयला कारून ये, मंग भाव इचार."