परिपत्रकाला पाऊस लागत नाही

सातारा जिल्ह्यात तालुके अकरा आणि पावसाळे किमान तीन. महाबळेश्वरला वर्षाकाठी साडेपाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो. त्याच जिल्ह्याच्या पूर्वेला माण तालुक्यात पाचशेच्या आतबाहेर, आणि तोही त्याच्या मनात आलं तर. कराड-कोरेगावात दोघांमधली तडजोड. पण जिल्हा परिषद एक, शिक्षण विभाग एक, त्यामुळे प्राथमिक शाळांना येणारं परिपत्रकही एकच. हल्ली ते रात्री उशिरा केंद्रप्रमुखांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर येतं आणि त्याच्याखाली झोपेपर्यंत ‘ओके सर’ची रांग लागते. उद्या सर्व शाळांनी वृक्षारोपण करावं, फोटोसह अहवाल दुपारी दोनपर्यंत लिंकवर भरावा.

आता पाटणच्या डोंगरातल्या शाळेत रोप लावायचं म्हणजे ते वाहून जाणार नाही अशी जागा आधी शोधायची. बाई छत्री धरतात, मुलं खताच्या पिशवीची खोळ डोक्यावर घेऊन उकरतात आणि खड्डा मातीने भरण्याआधी पाण्याने भरतो. माणमध्ये त्याच दिवशी मुरमात पहार घालावी लागते. तिथं रोप मुलाच्या नावावर चढतं, आणि शाळा सुटताना बाटलीत उरलेलं पाणी त्याच्या बुडाशी ओतायचं असा नेम असतो. पाणी उरावं म्हणून दिवसभर घोट मोजून पिणारी एखादी दुसरीतली पोरगी त्या शाळेत असतेच. शेळीपर्यंत मात्र अजून कुठलंच परिपत्रक पोचलेलं नाही.

अहवाल दोन्हीकडून सारखाच जातो: कार्यक्रम मोठ्या उत्साहात संपन्न झाला. मला या वाक्याचं फार कुतूहल आहे. जिल्ह्यात वर्षभर इतके दिन, सप्ताह आणि पंधरवडे साजरे होतात, पण एकही कार्यक्रम आजवर मध्यम उत्साहात पार पडल्याचं ऐकिवात नाही. एखाद्या गुरुजींनी ‘बरा झाला, शेवटी पावसाने पळापळ झाली’ असं खरं लिहून पाठवलं, तर बहुधा त्यांच्याकडे खुलासा मागितला जाईल.

पण या एकसारखेपणाला एका ठिकाणी पाऊस पुरून उरला आहे. जिल्ह्याच्या पश्चिमेकडच्या अतिवृष्टीच्या गावांत अनेक शाळांना उन्हाळ्याऐवजी भर पावसाळ्यात सुट्टी असते. ओढे फुटतात, वाटा निसरतात, शिवसागर जलाशयापलीकडच्या कांदाटी खोऱ्यात तर लाँचशिवाय येणं-जाणं अवघड. तेव्हा मुलांनी घरी चुलीपाशी बसावं आणि मे महिन्यात शाळेत यावं, हे ज्या कुणाला पहिल्यांदा सुचलं त्याची खिडकी नक्की पश्चिमेकडे उघडत असणार. सरकारी दप्तरात इतकं ओलं शहाणपण क्वचित सापडतं.

याची खरी गंमत मे महिन्यात. जावळी-पाटणच्या गावांतली निम्मी माणसं मुंबईला. ती जत्रेला आणि सुट्टीला गावी येतात, बरोबर त्यांची पोरं. चुलतभावाबरोबर आंबे पाडायचे म्हणून नालासोपाऱ्याहून आलेला पोरगा सकाळी उठून बघतो, तर चुलतभाऊ दप्तर घेऊन शाळेला निघालेला. मग दिवसभर हा मुंबईकर वर्गाच्या खिडकीला लटकून आत डोकावतो, बाई त्याला दोनदा हाकलतात आणि तिसऱ्यांदा आत बोलावून सतराचा पाढा विचारतात. चौथ्यांदा तो येत नाही.

आषाढात दिंडी निघते. पूर्वेकडच्या लोणंद, तरडगाव, फलटणच्या पोरांना दिंडी शिकवायची गरजच नसते. ज्ञानोबांची पालखीच दारावरून जाते, चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण होतं, शाळांच्या खोल्यांत वारकरी मुक्कामाला उतरतात. तिथली मुलं बाकी काही विसरतील, पण घोडा कुणाच्या किती जवळून गेला यावरची भांडणं सातवीपर्यंत पुरतात. पालखीच्या वाटेवर नसलेल्या शाळांना सगळं स्वतः उभं करावं लागतं. विठ्ठल निवडण्याची कसोटी एकच: कमरेवर हात ठेवून नाक न खाजवता किती वेळ उभा राहतोस? त्यामुळे वर्गातला सगळ्यात शांत, म्हणजे बहुधा सगळ्यात झोपाळू मुलगा विठ्ठल होतो. रुक्मिणी त्याच्या शेजारी उभी राहायला तयार नसते, कारण कालच त्याने तिची पट्टी मोडलेली असते.

त्याच सुमारास बेंदूर येतो. राज्याच्या बऱ्याच भागात बैलांना श्रावणातल्या पोळ्याची वाट बघावी लागते, साताऱ्याकडचे बैल आषाढातच पुरणपोळी खाऊन मोकळे होतात. या सणाचं परिपत्रक आलेलं मी तरी ऐकलं नाही, आणि म्हणूनच बहुधा तो वर्गात सगळ्यात चांगला होतो. मुलं ओढ्याकाठची चिकणमाती आणतात, बाकांवर बैल उभे राहतात, कुणाचं वशिंड पाठीऐवजी मानेवर येतं, कुणाचा बैल बसलेलाच असतो, कारण पाय जमले नाहीत. ज्याच्या घरी ट्रॅक्टर आहे तो मातीचा ट्रॅक्टर करतो आणि त्यालाही शिंगं लावतो.

ऑगस्टची प्रभातफेरी, सप्टेंबरचा शिक्षक दिन हे सगळीकडचंच. शिक्षक दिनी सातवीतली मुलगी साडी नेसून मुख्याध्यापिका होते आणि पहिल्या तासाला खऱ्या मुख्याध्यापिकेपेक्षा जास्त ओरडते. एवढ्यावर तो दिवस आटोपतो.

हादग्यापाशी मात्र मी रेंगाळणार. सूर्य हस्त नक्षत्रात शिरला की मुली पाटावर हत्ती काढतात, भोवती फेर धरतात, गाणी म्हणतात. पुण्याकडचे लोक याला भोंडला म्हणतात, तो त्यांचा प्रश्न. या काळात महाबळेश्वरच्या बाजूला लोक पावसाला इतके कंटाळलेले असतात की हत्ती आला काय नि गेला काय. माण-खटावात उलट. तिथला भरवशाचा पाऊस म्हणजे परतीचा, हस्ताच्या आगेमागे येणारा. पाटावरच्या हत्तीकडे तिथल्या आज्या जरा वेगळ्या नजरेने बघतात. शाळेत हादगा घालायचा म्हणजे रोज एकीने खिरापत आणायची आणि बाकीच्यांनी ती ओळखायची. डबा हलवून बघायला परवानगी असते, वास घ्यायला नसते. खिरापत ओळखली गेली की आणणारीचं तोंड पडतं, म्हणून तिची आई आदल्या रात्रीपासून डोकं चालवत असते. एका आईने शेंगदाण्याच्या लाडवांच्या अधेमधे खोबऱ्याचे तुकडे घालून वाजणं बंद केलं होतं. अलीकडे कुणी डब्यात पाच रुपयांच्या वेफर्सच्या पुड्या भरून आणते, ती तर पाचवीतला आंधळी कोशिंबीर खेळणारा मुलगाही आवाजावरून सांगेल. पोषण आहाराची खिचडी शिजवणाऱ्या मावशींना या खेळात घेत नाहीत. त्या दारातूनच पदार्थ सांगतात, शिवाय गूळ किती कमी पडलाय तेही. मुलगे फेराबाहेर उभे राहून हा बायकी खेळ असल्याचं दाखवत असतात. वाटपाच्या वेळी रांगेत पहिले तेच.

7 नोव्हेंबर कधी दिवाळीच्या सुट्टीत सापडतो, कधी बाहेर. तो राज्यभर विद्यार्थी दिवस म्हणून पाळतात, पण साताऱ्याला तो घरचा आहे. 1900 साली या तारखेला साताऱ्याच्या सरकारी शाळेत, म्हणजे आजच्या प्रतापसिंह हायस्कूलमध्ये, एक मुलगा इंग्रजी पहिलीत दाखल झाला. रजिस्टरमध्ये 1914 या क्रमांकापुढे नाव आहे, भिवा रामजी आंबेडकर. प्राथमिक शाळेतल्या शिक्षकाला विचारा, त्याच्या आयुष्यातली सगळ्यात रटाळ वस्तू कुठली, तर तो जनरल रजिस्टर दाखवील: खाडाखोड चालत नाही, जन्मतारीख अक्षरी लिहायची, एक चूक झाली की दाखला मागायला आलेल्या माणसासमोर वीस वर्षांनी मान खाली. या दिवशी बाई ते कपाटातून काढतात आणि मुलांना भाषण आपोआप ऐकू येईनासं होतं, कारण प्रत्येकाला आपला नंबर बघायचा असतो. मग आपल्या बापाचा. मग बापाच्या शाळा सोडल्याच्या कारणाचा रकाना.

थंडीत बाल आनंद मेळावा भरतो, पोरांच्या भाषेत बाजार. हेतू असा की मुलांना व्यवहार कळावा, नफा-तोटा कळावा. इथं जिल्हा पुन्हा आपापल्या वाटेने जातो. महाबळेश्वरच्या बाजूला द्रोणात स्ट्रॉबेरी, कोरेगावात वाघ्या घेवडा मापट्याने, फलटणला उसाचा रस, माणमध्ये डाळिंबं आणि बोरं. वडापाव आणि भेळ सगळीकडे, कारण भुकेला तालुका नसतो. वडे आईने तळलेले, तेल बापाच्या पैशाचं, गिऱ्हाईकही बापच, आणि आलेले दोनशे रुपये निव्वळ नफा म्हणून पोरगं फळ्यावर लिहितं. बाई भांडवल, खर्च, मजुरी असे रकाने आखून देतात. मजुरीच्या रकान्यात आईपुढे काय लिहायचं, असं पोरगं विचारतं. बाई थोडं थांबतात आणि म्हणतात, शून्य लिही सध्या. त्या ‘सध्या’वर एक अख्खी शिक्षण परिषद भरवता येईल, पण ती भरली तर तिच्यातही अहवाल कसा भरावा हेच शिकवतील.

3 जानेवारीला मात्र सातारा जिल्ह्याने जरा ताठ मानेने चालायला हरकत नाही. 1831 साली सावित्रीबाईंचा जन्म झाला तो याच जिल्ह्यातल्या, खंडाळा तालुक्यातल्या नायगावी. त्या दिवशी नायगावला राज्यभरातून माणसं लोटतात. शाळाशाळांत सावित्रीबाई होतात. पांढऱ्या साडीला लाल काठ, कपाळावर आडवं कुंकू, हातात पुस्तक. वर्गातल्या सगळ्याच मुलींना सावित्रीबाई व्हायचं असतं, म्हणून काही शाळांत नऊ-दहा सावित्रीबाई एकाच बाकावर दाटीने बसलेल्या दिसतात. जोतीराव मिळवायला जरा कष्ट पडतात, पागोटं सारखं घसरतं. पण अंगावर शेण फेकणाऱ्या सनातन्यांच्या भूमिकेसाठी मुलग्यांची जी झुंबड उडते ती बघण्यासारखी असते. बाई सांगतात, चिखलाचे गोळे करा, फेकल्यासारखं करा. एक जण खरं शेण घेऊन येतो. त्याच्या घरी चार म्हशी, त्याला वाटतं आपण शाळेला मदत केली. पुढचा प्रसंग नाटकात नसलेला घडतो: नऊ सावित्रीबाई पुस्तकं खाली ठेवून त्याच्या मागे मैदानभर धावतात. नाटकाच्या संहितेपेक्षा हा शेवट मला जास्त पटतो.

याच दिवसांत केंद्र, बीट, तालुका, जिल्हा अशा चढत्या पायऱ्यांच्या क्रीडा स्पर्धा. कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी 1952 साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्यपदक मिळवलं. त्यांचा 15 जानेवारी हा जन्मदिवस आता राज्याचा क्रीडा दिन आहे. माणमधल्या मोहीची ललिता बाबर 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत धावली. त्यामुळे माणच्या पोरी पळायला उभ्या राहिल्या की बाकीच्या तालुक्यांचे गुरुजी आधीच दुसऱ्या क्रमांकाची बोलणी सुरू करतात. पश्चिमेकडची पोरं सपाटीवर पळताना जरा गोंधळतात, त्यांना पुढे चढ लागेल असं वाटत राहतं. खो-खोच्या अंतिम सामन्यात पंचांवरून वाद होतो, तो मिटेस्तोवर जेवणाची खिचडी थंड होते, आणि परतीच्या टेम्पोत हरलेली शाळा जिंकलेल्या शाळेपेक्षा मोठ्याने गाते.

मग शिष्यवृत्ती परीक्षा येते आणि घराघरांत काका, मामा अचानक गणितज्ज्ञ होतात. मार्चपासून पूर्वेकडच्या शाळा सकाळच्या होतात. 1 मेला झेंडा आणि निकाल एकाच दिवशी. पहिलीतल्या मुलांची समजूत असते की आपण पास झालो म्हणूनच झेंडा लावला. जिल्हा परिषदा सुरू झाल्या त्याही 1 मेलाच, 1962 साली. एवढ्या जयंत्या पाळणाऱ्या शाळांना आपल्या मालकिणीचा वाढदिवस तेवढा आठवत नाही.

सुट्टी लागली तरी गुरुजी सुटत नाहीत, कारण जूनमध्ये पट भरायचा असतो. गावात पिवळी व्हॅन फिरू लागलेली, इंग्रजी माध्यमाचा टाय कोवळ्या मानांवर नजर ठेवून. म्हणून गुरुजी लग्नसराईत नेमाने जेवायला जातात आणि वरातीत नाचणाऱ्या पोरांची वयं अंदाजतात. खटावच्या बाजूला एका मांडवात बँडपुढे एक पोरगा जिवाच्या आकांताने नाचत होता. गुरुजींनी पंक्तीतूनच आजीला गाठलं.

“म्हातारे, ह्याला सहा लागलं का?”

“लागत्यालं की जूनात. पर गुर्जी, त्याला अजून चड्डीचं बटान लावता येत न्हाई.”

“येऊ दे की,” गुरुजी भात कालवत म्हणाले, “ते आमच्यात पहिल्या सत्राला हाय.”