पुढं फियाट का जीप?

"डॉक्टरीणबाईनं आमच्या घरची फियाट मागितली, तुला कळलं का?" काकूंनी तारेच्या कुंपणावर गोधडी वाळत टाकली आणि तिच्या आडोशानं बातमी इकडं सरकवली. मला ती दोन दिवस आधीच लागली होती. पण काकूंच्या बातमीला 'माहीत आहे' म्हणणं म्हणजे पुढच्या आठवड्याच्या सगळ्या बातम्या बंद करून घेणं. मी म्हटलं, "अगोबाई, कशाला?"

"कशाला म्हंजी? मिरवायला! जुन्या गाड्यायची वरात काढायलेत. जंगलाकडल्या बंदी भागातल्या म्हाताऱ्या माणसायचं मोतीबिंदूचं आपरेशन करायचंय, त्याच्यासाठी पैसा जमवायलेत."

"मग काका काय म्हणाले?"

"काय म्हणतेत? सकाळधरून कडुनिंबाखाली हायेत. हळदीचे पोते काढले, कोंबड्या हाकलल्या, आन् बोनट उघडून बसलेत. माझ्या बाळंतपणाला एवढे जागले नव्हते."

काकांची फियाट अख्ख्या उमरखेडाला ठाऊक आहे; चालताना कमी, ढकलताना जास्त. वालचंद हिराचंदांनी १९४४ साली प्रीमियर कंपनी काढली, तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी. आधी फियाट ११००, मग प्रेसिडेंट, मग सत्तरीच्या दशकात पद्मिनी. आमच्याकडं ही सगळी नामांतरं वाया गेली, लोक फियाटच म्हणत राहिले. गिअरचा दांडा स्टिअरिंगला, त्यामुळं पुढची सीट सलग. त्या सीटवर काका, काकू आणि मधे कुणीतरी लहान मूल, अशी या गल्लीतली निम्मी पोरं एकदा तरी बसून आलीत. मुंबईत शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ च्या ऑक्टोबरात रस्त्यावरून उतरली, तेव्हा काकांनी ती बातमी कापून डॅशबोर्डाच्या खणात ठेवली. घरातल्या कुणाच्या दहावीच्या निकालाचं कात्रण त्यांनी ठेवल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

एवढ्यात पलीकडच्या भिंतीवरून दिग्रसच्या वहिनींचं डोकं वर आलं. त्यांच्याकडं जीप आहे, त्यामुळं त्यांना हे ऐकू येणारच होतं.

"फियाट कायले पाह्यजे बापा? रॅली म्हणजे जीप पाह्यजे. आमची जीप नसती तं त्या बिटरगावकडचे अर्धे पोट्टे रस्त्यातच जन्मले असते!"

"आन् जीपीत बसून अर्ध्यायचे मणके गेले, ते कुणी मोजायचे?" काकू.

यात खरं दोघींचंही आहे. आपल्या भागात जुनी गाडी म्हणजे कुणा संस्थानिकाच्या पागेतली रोल्स नव्हे. इथं ती राबलेली असते. स्वातंत्र्याच्या सुमारास महिंद्रांनी विलिज जीप जोडायला घेतली, पुढं तिची भावंडं निघाली, आणि ढाणकीकडच्या, पैनगंगेच्या काठच्या रस्त्यांवर तीच एसटी, तीच रुग्णवाहिका, तीच नवरदेवाची गाडी झाली. प्रचाराला तर तिच्यावाचून पान हलत नसे. शेजारचं पुसद म्हणजे मुख्यमंत्र्यांचा तालुका. वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ त्या खुर्चीवर होते. वहिनींच्या सासऱ्यांच्या मते त्या अकरा वर्षांत त्यांच्या जीपचं इंजिन थंड असं झालंच नाही.

आता प्रश्न असा पडला की 'जुनी' कुणाला म्हणायचं? डॉक्टरीणबाईंनी नियम काढून आणला. केंद्र सरकारनं २०२१ साली विंटेज गाडीची व्याख्या केली: पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटलेली हवीत आणि चासी, बॉडी, इंजिन मूळचंच हवं. अशा गाडीला 'व्हीए' अक्षरांची वेगळी पाटी मिळते, दहा वर्षांसाठी. नव्या नोंदणीची फी वीस हजार. आणि एकदा ती पाटी लागली की गाडी रोजच्या कामाला काढायची नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच.

"म्हणजे वीस हजार भरून गाडी घरीच उभी ठेवाची?" वहिनींनी विचारलं. "ते तं आमच्याकडं फुकट होऊन राह्यलं."

थोडक्यात, विंटेजच्या पाटीच्या भानगडीत कुणी पडलं नाही. साधं नोंदणीपुस्तक चालू आहे का, एवढंच पाहायचं ठरलं. तिथंही घरोघरी कुजबुज आहेच. पंधरा वर्षांपुढच्या मोटारीच्या फेरनोंदणीची फी २०२२ च्या एप्रिलपासून सहाशेची पाच हजार झाली, तेव्हापासून किती जणांनी कागद कपाटात ठेवून चावी हरवल्याचं सोंग घेतलंय ते गल्लीला ठाऊक आहे. नावं मी घेत नाही. बाईंनी नामी तोडगा काढला: ज्याचे कागद आणि विमा चालू, त्यानं गाडी चालवत आणायची, बाकीच्यांनी ट्रॅक्टरला बांधून मैदानावर आणून उभी करायची. उभ्या गाडीला पीयूसी लागत नाही. त्यातले दोघे लगेच रुसले, तिसऱ्यानं दुसऱ्या दिवशी गुपचूप कागद घेऊन यवतमाळची गाडी पकडली.

तर यादी अशी होत चाललीय. हळदीच्या अडतीवाल्यांची अँबेसेडर. कलकत्त्याजवळच्या उत्तरपाड्याचा तिचा कारखाना २०१४ साली बंद पडला, पण अडतीवाले ती अजून 'नवीच आहे' म्हणतात. निवृत्त मास्तरांची जावा, जिची किक आणि गिअर एकाच दांडीला. मास्तर किक मारून तीच दांडी दाबून गिअर टाकतात आणि बघणाऱ्याला वाटतं गाडीचा एक पाय मोडलाय. दोन बजाज चेतक, ज्या सुरू करण्याआधी एका बाजूला कलत्या करून झोपवाव्या लागतात, म्हणजे पेट्रोल खाली उतरतं. कुणी विचारलं की का, तर सगळे म्हणणार, "ते तसंच असतं." आणि एक लुना. ती अंगणवाडीच्या मदतनीस बाईंची. यादीत लुना घातली म्हणून अडतीवाल्यांनी नाक मुरडलं. पण लुना १९७२ ची कल्पना आहे, अँबेसेडर चालवणाऱ्या त्यांच्या ड्रायव्हरपेक्षा जुनी.

पहिला बेत असा होता की उमरखेडहून निघून सहस्रकुंडाला जायचं, धबधब्यापाशी फोटो काढायचे आणि परत यायचं. प्रत्येक गाडीकडून हजार रुपये. ऐकायला झकास. पण मी कुंपणावरच बोटं मोजून काकूंना हिशेब सांगितला. दहा गाड्यांचे झाले दहा हजार. पेट्रोल शंभराच्या वर. फियाट लिटरला किती देते हे काका देवाशपथ खरं सांगणार नाहीत. वर पोहे, चहा, बॅनर, हार आणि ज्यांना बोलवावंच लागतं त्या पाहुण्यांच्या शाली. डोळ्यांसाठी काय उरणार? आणि सहस्रकुंडाला पाहणार कोण? नदीच्या एका काठाला विदर्भ, दुसऱ्या काठाला मराठवाडा, मधे वानरं.

"मग करावं काय?" काकू.

माझं म्हणणं, गाडी जितकी कमी पळेल तितका पैसा जास्त. पळणारी गाडी लोक फुकट बघतात. थांबलेल्या गाडीत बसावंसं वाटतं, आणि एकदा बसलं की खिशात हात जातो. बसस्टँडपासून मैदानापर्यंत फियाटीतून एक चक्कर पन्नास रुपयांना काढा, मागच्या सीटवर सत्तरी ओलांडलेल्या जोडप्याला बसवा, हवा तर फोटो. ज्या बाईची वरात १९७८ साली अँबेसेडरमधून आली असेल ती पन्नास काय, नातवाकडून पाचशे वसूल करील.

काकू क्षणभर गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "माझी वरात बैलगाडीत आली होती." तो विषय तिथं सोडला.

बाहेर गाड्या मिरवून पैसा जमवायचे हे प्रकार रीतसर होतात. सिडनीत २०१२ साली एकानं कोटटाय घालून जुन्या धाटणीच्या मोटारसायकली काढायची टूम काढली. आता जगभर शेकडो शहरांत एकाच दिवशी निघतात, मुंबई-पुण्यातसुद्धा, आणि पैसा जातो पुरुषांच्या प्रोस्टेटच्या कर्करोगावरच्या संशोधनाला आणि मनाच्या आजारांना. मास्तरांना हे सांगितलं तर ते लग्नातला कोट शोधायला लागले. कोट सापडला, पण बटणं लागेनात.

पण मला भावली ती दुसरी तऱ्हा. काही शहरांत अंधांची कार रॅली होते. गाडी डोळस माणूस चालवतो आणि शेजारी बसलेला अंध माणूस ब्रेलमधला नकाशा बोटांनी वाचून रस्ता सांगतो: इतक्या अंतरावर डावीकडं, पेट्रोलपंपानंतर उजवीकडं. वेगाची शर्यत नसतेच. ठरलेल्या वेळेच्या आधी पोचलात तरी गुण कापतात, उशिरा पोचलात तरी कापतात. डॉक्टरीणबाईंनी ठरवलंय की मैदानाभोवतीची एक फेरी अशीच करायची, ब्रेल शिकलेल्या मुलांना बोलावून.

"म्हणजे ज्याला दिसत न्हाई त्यानं सांगायचं आन् ज्याला दिसतं त्यानं गपगुमान ऐकायचं?" काकूंनी फियाटीकडं बघत विचारलं. "ह्यांना जमणार न्हाई. ह्यांना मी दिसत असून सांगते तरी वळत न्हाईत."

आता मुख्य अडचण हवेची. उन्हाळ्यात काढावी तर फियाट आणि अँबेसेडर दोघी पाणी पिऊन पिऊन थकतात. तापल्या इंजिनाच्या उष्णतेनं नळीतल्या पेट्रोलची वाफ होते, पंपाला ओढायला काही उरत नाही आणि गाडी भर चौकात थांबते. मग काका डिकीतून ठेवणीतलं फडकं काढतात, बाटलीतल्या पाण्यानं भिजवतात आणि पेट्रोलपंपाच्या त्या वाटीएवढ्या डब्यावर गुंडाळून शेजारी उभे राहतात, तापाच्या पेशंटच्या कपाळावर घडी ठेवल्यासारखे. पाच-सात मिनिटांनी गाडी चालू. पावसाळ्यात तर बोलायलाच नको. हिवाळा बरा, पण हिवाळ्यात गळीत हंगाम. पोफाळीच्या रस्त्याला दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले उसाचे ट्रॅक्टर, त्यांच्यामागं पहिल्या गिअरमध्ये रांगत गेलं तर थंडीतही फियाट तापणार. शिवाय नागपूर-तुळजापूर महामार्गावर जुन्या गाड्यांची रांग नेली तर मागच्या ट्रकवाल्यांच्या तोंडून आपल्याच पूर्वजांचा उद्धार. म्हणून गावातच, रविवारी, सकाळी लवकर, थंडीत.

गाड्या दुरुस्त करणाऱ्या मिस्त्रींनी आणखी एक अडचण सांगितली. आताच्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल असतं. ते या गाड्यांच्या जुन्या रबरी नळ्या आणि वायसर खातं. महिनाभर आधी नळ्या बदला, नाहीतर रॅलीत आगीचा बंब पहिला नंबर काढील. काका हे ऐकून हादरले. ज्यांच्या शेतात ऊस आहे, ते खोकून दुसरीकडं बघू लागले.

पैशाच्या पावत्यांवरही एक फेरी झाली. सत्कार्याच्या नावानं वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय कार्यालयाची परवानगी लागते, गणपती मंडळं कलम ४१ क खाली घेतात तीच. आधी सगळे म्हणाले, "आपल्याच गावात कशाला?" मग मागच्या एका वर्गणीचा विषय निघाला, जिचा हिशेब अजून येतोय, आणि परवानगी एकमतानं मंजूर झाली. पावतीपुस्तक काकूंकडं. त्यांच्या हातून पावतीशिवाय सुटेल असा माणूस उमरखेडात अजून राहायला यायचाय.

खरी शंका वहिनींनी काढली, आणि तिथं मला त्यांचं कौतुक वाटलं. "सरकारी दवाखान्यात मोतीबिंदूचं आपरेशन तं फुकटच होते ना? मंग पैसा कायले?" बरोबर. ऑपरेशन फुकट असतं. पण बिटरगावकडची म्हातारी दवाखान्यापर्यंत येते कशी? सोबत सून आली तर तिची दिवसाची मजुरी बुडते. राहायचं, खायचं, काळा चष्मा, डोळ्यात टाकायचे थेंब, आठ दिवसांनी पुन्हा तपासायला आणायचं. या पुन्हा आणण्यातच सगळं अडतं. पैसा लागतो तो तिथं.

आणि तिथंच जीप लागते. मी म्हटलं, वहिनी, तुमच्या जीपनं मिरवूच नये. मिरवायचं काम फियाटीचं, ती त्याच कामाची उरलीय. जीपनं ऑपरेशनच्या आदल्या दिवशी बंदी भागातून म्हातारी माणसं आणावीत आणि आठ दिवसांनी परत तपासणीला आणावीत. वहिनींनी मान अशी ताठ केली की भिंतीपलीकडून खांदेसुद्धा दिसले. "हाव ना! आमची जीप कामाची हाय. दिखाव्याची नाही."

काकूंना टोमणा कळला. "मग वरातीत पुढं कोण? आमची फियाटच ना?"

वहिनी म्हणाल्या, मिरवायचं नाही ते ठीक, पण निघताना पहिली गाडी जीपच. अडतीवाल्यांचा निरोप आला की अँबेसेडर मंत्र्यांची गाडी, तिचा मान. तीन दिवस हे चाललं. शेवटी मिस्त्रींनी निकाल दिला: रांग तुटू द्यायची नसेल तर सगळ्यात हळू गाडी पुढं ठेवायची, बाकीच्यांनी तिच्या चालीनं यायचं. म्हणजे लुना. अंगणवाडीच्या बाईंनी तेवढ्यासाठी नवी चप्पल घेतलीय आणि लुनाच्या हँडलला गोंडे लावलेत. त्यांच्यामागं अँबेसेडर, जावा, फियाट, चेतक आणि मागं कुणी बंद पडलं तर ओढायला जीप. वहिनींनी शेवटची जागा कशी घेतली म्हणाल तर मी त्यांना सांगितलं, "ओढणारा मागंच असतो, वहिनी." ते त्यांना पटलं. काकूंना मी सांगितलेलं नाही.

काल काकूंनी पावतीपुस्तकाचं उद्घाटन करायचं ठरवलं, तर मी पन्नास रुपये पुढं केले आणि म्हटलं, फियाटीची पहिली चक्कर माझी. काकूंनी पावती फाडली. मग मी विचारलं, "आणि तुमची?"

"आमची कसली? घरची गाडी हाय."

"काकू, डोळ्यांचा पैसा आहे."

बराच वेळ त्या पदराच्या गाठीशी खेळत होत्या. "तीस घे."

"पन्नास."

"पुढच्या सीटवर बसले तर?"

"पुढची साठ."

"मग मागंच बसते," काकू म्हणाल्या, आणि गाठ सोडली.