नानांची एनओसी

पहाटेचे 5 वाजून 57 मिनिटं. शारजाच्या अल् नहदामधून निघून मी गाडी ममझारच्या सालिक गेटाकडे पिटाळतोय. सहाच्या आत गेट ओलांडलं तर टोल शून्य, सहा वाजून गेले की सहा दिरहम. 31 जानेवारी 2025 पासून हा नवा हिशेब लागू झाला आणि आमच्या बिल्डिंगमधली निम्मी मराठी मंडळी ब्राह्ममुहूर्तावर उठायला लागली. आईवडिलांच्या ओरडण्यानं जे झालं नाही ते सहा दिरहमांनी करून दाखवलं.

शेजारी नाना. मांडीवर डबा, डब्यावर दोन्ही हात, नजर समोर.

"आत्ता ॲक्सिलरेटर दाबलास," नाना म्हणतात, "तो तू दाबलास की सालिकनं दाबला?"

"नाना, गेट जाऊ दे. मग बोलू."

"म्हणजे सालिकनंच."

गेट गेलं. 5 वाजून 59. वाचलेल्या सहा दिरहमांचा आनंद मात्र मला धड घेता आला नाही, कारण जबेल अलीपर्यंतचा पुढचा तासभर 'तू आनंदी आहेस की तुला आनंदी केलं गेलंय' या विषयाला गेला.

आपल्याला प्रश्न पडतात. नाना प्रश्नावर पडतात. आणि पडायची वेळ नेमकी अशी निवडतात की त्या वेळी कुणालाच उत्तर देता येऊ नये. बकालावाल्या वाण्याकडे मागे रांग लागलेली असताना, डेंटिस्टनं तोंडात कापूस कोंबलेला असताना, किंवा मंडळाच्या गणपतीत आरतीचं ताट हातात आल्यावर. एकदा आमची लिफ्ट चौदाव्या आणि पंधराव्या मजल्याच्या मध्ये अडकली आणि दिवे गेले. आत आम्ही दोघं, एक मलयाळी शेजारी आणि त्याची भाजीची पिशवी. त्या मिट्ट काळोखात नानांचा आवाज आला, "हीच ती अवस्था!" मला वाटलं, छातीत दुखतंय. पण नानांना इब्न सीना आठवला होता. हजार वर्षांपूर्वीच्या या हकिमानं म्हणे अशी कल्पना केली होती, की एक माणूस हवेत तरंगतोय, त्याला काही दिसत नाही, ऐकू येत नाही, स्वतःच्या अंगाचा अंगाला स्पर्श नाही. तरी 'मी आहे' हे त्याला कळेलच. नाना मला म्हणाले, "आता सांग. हात दिसतोय का तुझा? नाही ना? तरी तू आहेस की नाहीस?" मी विचारात पडलो. मलयाळी शेजारी पडला नाही. "भाईसाब, आप है तो वो बेलवाला बटन दबाओ," तो म्हणाला.

नाना मूळचे मिरजेचे. पेशानं एसीच्या डक्टचे एस्टिमेटर. कुठल्या छतातून किती इंची पत्र्याचा बोगदा जाणार आणि त्याला किती पत्रा लागणार, हे नकाशाकडे बघून सांगतात. कामात माणूस चोख, तिथं प्रश्न पडत नाहीत. वाऱ्याला इच्छास्वातंत्र्य असतं का, असं मी एकदा मुद्दाम विचारलं तर "डॅम्पर असतो," एवढंच म्हणाले.

प्रश्नांची लागण झाली ती इथं उतरल्या दिवशी. 1997 साली नाना आले तेव्हा कंपनीकडे एस्टिमेटरचा व्हिसा शिल्लक नव्हता, सुताराचा होता. पासपोर्टवर अरबीत छापून आलं 'नज्जार'. इथल्या जुन्या लोकांना यात काही नवल वाटणार नाही. व्हिसावर गवंडी आणि हातात अकाउंटची वही, अशी कित्येक माणसं त्या काळात होती. ती हसून सोडून देत. नानांनी सोडून दिलं नाही. 'सरकारच्या लेखी मी सुतार, कंपनीच्या लेखी एस्टिमेटर, आईच्या लेखी बिघडलेला. यातला खरा कोण?' महिनाभर त्यांनी हा प्रश्न बेड-स्पेसमधल्या पाच जणांना विचारला. पाचांपैकी दोघांनी खोली बदलली. उरलेल्यांपैकी एकानं वैतागून त्यांना हातोडी आणून दिली. नानांनी तिच्यानं एक स्टूल बनवलं. ते अजून त्यांच्या बाल्कनीत आहे. त्यावर कुणी बसत नाही, आणि नाना म्हणतात ते बरोबर आहे, की स्टुलाची ओळख बसणाऱ्यावर अवलंबून नसते.

पुढे एस्टिमेटरचा व्हिसा झाला, एमिरेट्स आयडी आलं, तरी शांतता नाही. आयडीचा नंबर 784 नं सुरू होतो, तो या देशाचा आकडा, सगळ्यांना सारखाच. नंतर चार आकडे जन्मवर्षाचे. "पहिले तीन देशाचे, पुढचे चार आईबापाचे," नाना कार्ड नाचवत म्हणतात, "माझा मी कितव्या आकड्यापासून सुरू होतो?"

नीतीच्या बाबतीत तर हा माणूस खर्चात पडलेला आहे. शारजात दारूबंदी. नाना जन्मात प्यालेले नाहीत. पण एका रात्री त्यांना वाटलं, जिथं मिळतच नाही तिथं न पिण्यात कसलं आलंय पुण्य? ते तर भिंतीलाही जमतं. तेव्हा पुढच्या आठवड्यात ते दुबईत गेले, एका बारमध्ये बसले, समोरच्या बाटल्या नीट बघितल्या, आणि लाइम सोडा मागवला. 28 दिरहम. वर जायचा-यायचा टॅक्सीचा खर्च. "आता मी खरा निर्व्यसनी," त्यांनी मला फोन करून सांगितलं. मागून त्यांच्या बायकोचा, म्हणजे वहिनींचा, आवाज आला, "त्यापेक्षा प्याला असतात तर पैसे तरी वसूल झाले असते."

तसंच वेगाचं. अबुधाबीला जाताना दुबईच्या हद्दीत पाटी 120 ची, पण रडार चमकतो 140 ओलांडल्यावर, वीसची सूट. अबुधाबीनं ही सूट ऑगस्ट 2018 पासून बंद केली आणि पाटीच 140 ची लावली. गाडी तीच, वेग तोच, दंडही दोन्हीकडे नाही. आपण यात एकच बघतो, की 140 च्या वर काटा जाऊ नये. नाना पूर्ण वेळ त्या वीस किलोमीटरमध्ये अडकलेले असतात. "दुबईत 121 ते 140 मध्ये मी कोण असतो? गुन्हेगार, पण माफ केलेला. आणि हद्द ओलांडली की त्याच वेगाला सज्जन. मी काय केलं यात? पाटीनं केलं." माझ्या गाडीत बसून ते हे बोलतात तेव्हा मी नव्वदीवर येतो. मागचा लँडक्रूझरवाला दिवे मारतो. तो कुठल्याही पाटीला मानत नाही आणि मला तेवढ्यापुरता सुखी वाटतो.

या सगळ्याला नाना आधार देतात तो गीतारहस्याचा. त्यांची प्रत जुन्या 'खलीज टाइम्स'चं कव्हर घातलेली. टिळकांनी गीतारहस्य मंडालेच्या तुरुंगात लिहिलं, 1915 साली ते छापून आलं, आणि त्यात 'कर्मविपाक व आत्मस्वातंत्र्य' असं एक अख्खं प्रकरण आहे. नाना वीस वर्षं त्याच प्रकरणात आहेत. पुढं सरकत नाहीत; स्थितप्रज्ञ व्हायची त्यांना घाई नाही. "आत्मस्वातंत्र्यावर लिहायला जागा बघ कुठली निवडली! तुरुंग!"

"नाना, निवडली कुठं? इंग्रजांनी पाठवलं."

"तोच तर प्रश्न!" असं म्हणून ते मांडीवर अशी थाप मारतात की डब्यातली आमटी सांडते.

एकदा मात्र मी त्यांना अडवलं. विषय अर्थातच शारजा स्टेडियम. बिल्डिंगच्या गच्चीवरून त्याचे दिव्यांचे खांब दिसतात, त्यामुळे नानांच्या घरी चहाला गेलं की 18 एप्रिल 1986 टळत नाही. शेवटचा बॉल, पाकिस्तानला चार हवेत, चेतन शर्मा यॉर्कर टाकायला गेला, फुलटॉस पडला, मियाँदादनं सिक्स मारला. "त्याला दुसरा बॉल टाकता आला असता का?" नानांचा सवाल. "हाताचा घाम, आदल्या बॉलांचा ताण, मियाँदादचं क्रीजमध्ये उभं राहणं. सगळं जमून आलेलं. शर्मा फक्त निमित्त. मग उगाच त्या पोराला आयुष्यभर शिव्या का द्यायच्या?"

मी म्हटलं, "मग पुढच्या वर्षी नागपूरला वर्ल्ड कपात न्यूझीलंडविरुद्ध त्यानं हॅटट्रिक घेतली, तिचं कौतुकही करायचं नाही?"

नाना गप्प झाले. एवढे गप्प की वहिनी स्वयंपाकघरातून बघायला आल्या. शेवटी म्हणाले, "हॅटट्रिक त्याची. सिक्स परिस्थितीचा." असा हिशेब मी पगारवाढीच्या वेळी ऑफिसात फार ऐकलाय.

आता वहिनींबद्दल. त्या एका हॉस्पिटलात स्टाफ नर्स. इंजेक्शन देताना 'दुखेल का' या प्रश्नाला त्या देऊन झाल्यावर उत्तर देतात. 2020 साली नानांची जुनी कंपनी बुडाली, तेव्हा वहिनींनी त्यांना आपल्या व्हिसावर घेतलं. नवी नोकरी नंतर लागली. म्हणजे कागदोपत्री नानांची कफील (स्पॉन्सर) त्यांची बायको. गल्फमध्ये राहिलेल्या माणसाला एनओसी म्हणजे काय हे सांगायला नको. पूर्वी लायसन काढायचं, एनओसी. नोकरी बदलायची, एनओसी. नानांना या तीन अक्षरांतच सगळं तत्त्वज्ञान दिसलं. "ज्याला एनओसी लागते त्याला आत्मस्वातंत्र्य कसलं?" आणि तेव्हापासून ते दुसरा चहा हवा असला तरी "कफीलची एनओसी आहे का?" असं विचारतात. वहिनी साखर मोजून देतात. तीच एनओसी.

एक प्रश्न मात्र नानांनी कधी उकरला नाही. मिरजेला त्यांनी घर बांधलंय. नऊ वर्षं झाली, कुलूप आहे. गणपतीला गेले तर आठ दिवस उघडतं. 'परत कधी?' असं कुणी विचारलं की नाना "बघू, हा व्हिसा संपू दे" म्हणतात, दोन वर्षांनी व्हिसा संपतो, नवा मिळतो, आणि नाना इब्न सीनाकडे वळतात. इथं आम्ही सगळेच हे करतो. फक्त आमच्याकडे इब्न सीना नाही.

फुजैरात 'बैत अल्-फल्सफा' नावाची संस्था आहे आणि 2021 पासून तिथं नोव्हेंबरात तत्त्वज्ञानाची आंतरराष्ट्रीय परिषद भरते, हे नानांना गेल्या वर्षी कळलं. तत्त्वज्ञानाचं घर! भाडं किती असेल, असं माझ्या मनात आलं. नानांनी इस्त्रीचा शर्ट काढला.

"तुम्हाला अरबी कुठं येतं?" वहिनींनी विचारलं. नानांचं अरबी 'खल्लास' आणि 'बुक्रा'च्या पुढं गेलेलं नाही.

"प्रश्नाला भाषा नसते."

"उत्तराला असते," वहिनी म्हणाल्या, पण त्यांची सुट्टी होती, त्याही निघाल्या. गाडी माझी. धैदमार्गे मसाफीच्या रस्त्याला लागलो. हजरचे उघडेबोडके डोंगर जवळ आले तसा नानांना उत्साह चढला. आणि मग लागला मसाफीचा फ्रायडे मार्केट. नावाचा शुक्रवार, भरतो रोज. त्या दिवशी होता शनिवार. नानांनी गाडी थांबवायला लावली.

"शुक्रवारचा बाजार शनिवारी! मग हा कोण?"

"पुण्यात शुक्रवार पेठेत मंगळवारी कुणी विचारतं का असं?" मी म्हटलं. उपयोग नव्हता. नाना उतरले होते.

दुतर्फा मडकी, कुंड्या, फळांच्या राशी आणि टांगलेले गालिचे. एका दुकानासमोर नाना उभे राहिले. एक गालिचा लाल, एक निळा. किंमत सारखी, माप सारखं, घासाघीस करून दोन्ही सारखेच उतरले. आणि नानांना ते फ्रेंच पंडित बुरिदानच्या नावावर खपणारं गाढव आठवलं. दोन बाजूंना सारख्याच गवताच्या पेंढ्या, मध्ये उभं राहून उपाशी मेलेलं. ते गाढव त्यांनी हिंदीतून दुकानदाराला समजावलं. पठाण दुकानदार फार शांत माणूस. त्यानं पूर्ण ऐकलं, म्हणाला, "साब, गधा गरीब था. आप दोनो ले लो."

पाऊण तास गेला. मी घड्याळ दाखवलं. परिषदेचं पहिलं सत्र संपत आलं असेल. नाना कधी लालवर उभे राहत, कधी निळ्यावर. शेवटी दुकानदारानं साधाच प्रश्न विचारला, जो कुठलाही दुकानदार विचारेल.

"किस घर के लिए चाहिए? रूम कितना बडा है?"

नानांनी तोंड उघडलं. मिटलं. मी इतकी वर्षं त्यांना ओळखतो. प्रश्न विचारल्यावर त्यांची मान अशी खाली गेलेली मी बघितली नव्हती.

"मिरजेच्या हॉलला," वहिनी म्हणाल्या. "बारा बाय दहा. लाल द्या."

नाना त्यांच्याकडे बघत राहिले. वहिनी पर्समधून पैसे मोजत होत्या. मोजता मोजताच म्हणाल्या, "मार्चमध्ये व्हिसा संपतोय. मी राजीनामा दिलाय. तुमचा माझ्यावरच आहे, तोही संपेल."

"मला विचारलंस?"

"वीस वर्षं विचारतेय. तुम्ही ते प्रकरण संपवा म्हटलं, संपेना."

फुजैरा तिथून फार लांब नव्हतं. पण नाना म्हणाले, "घरी चल." गालिचा डिकीत मावला नाही, मागच्या सीटवर आडवा घातला. त्याचं एक टोक नानांच्या खांद्यावर. धैद आलं, गेलं. रडार आले, गेले. मी पाटीवर जेवढं लिहिलं होतं तेवढ्यानंच गेलो. नाना एक शब्द बोलले नाहीत. आरशात दिसत होतं, त्यांची बोटं गालिच्याच्या कडेवर वीत-वीत सरकत होती. पत्रा मोजताना सरकतात तशी.

शारजाचे दिवे दिसायला लागले तेव्हा त्यांनी घसा खाकरला.

"हॉलचं दार आत उघडतं की बाहेर?"

"आत," वहिनी म्हणाल्या.

"मग गालिच्याला अडणार."

"खालून थोडं तासून घेऊ."

"सुतार बोलवावा लागेल."

"कशाला?" वहिनी म्हणाल्या. "तुम्ही आहात की. सरकारी."