रविवारचे भूमितीवाले सर

ज्या गावात एक जुनी शाळा, तिथला रविवारी रिकामा पडणारा चित्रकलेचा वर्ग आणि बँकेतून किंवा कॉलेजातून निवृत्त झालेला एक उत्साही माणूस असतो, त्या गावात भूमितीवाले सर असतातच. पुण्यात ते पेठेगणिक एक सापडतात, ठाण्या-नाशकात थोडे शोधावे लागतात, सांगलीकडे सायकलवरून येतात. फाटकावरचा कागद मात्र सगळीकडे सारखा: ‘गणित मंडळ. इयत्ता आठवी ते अकरावी. दर रविवारी सकाळी ८ ते ११. विनामूल्य.’

यातला शेवटचा शब्द घात करतो. फी नाही म्हटल्यावर आपल्याकडच्या पालकांना यात काहीतरी गोम आहे असं वाटायला लागतं. जेईईच्या क्लासचे दोन लाख मुकाट्यानं भरणारा बाप इथे मात्र हाताची घडी घालून विचारतो, “सर, याचा जेईईला किती फायदा होतो?” या प्रश्नाला शंभर गोड उत्तरं देता येतात. विचारशक्ती वाढते, एकाग्रता वाढते, पाया पक्का होतो. सर खिशातला खडू चाचपत म्हणतात, “काहीच नाही. जेईईला निर्देशकांची भूमिती येते. ही ती नव्हे.” बाप मुलाचा हात धरतो आणि निघतो. सर त्या पाठमोऱ्या जोडीकडे बघत म्हणतात, “चला, एक बाक मोकळा झाला.”

मंडळ गणिताचं हे कागदोपत्री. इथे तयारी होते ती गणिताच्या ऑलिम्पियाडची, आणि त्या परीक्षेत बीजगणित असतं, संख्यांचे गुणधर्म असतात, मोजणीच्या युक्त्या असतात आणि भूमिती असते. सरांच्या वेळापत्रकात या चौघांना समान न्याय आहे. जूनच्या पहिल्या रविवारी ते मूळ संख्यांपासून सुरुवातही करतात. पण वीस मिनिटांत कुठून तरी एक त्रिकोण फळ्यावर येतो, त्याला परिवर्तुळ येतं, आणि मूळ संख्या पुढच्या जूनपर्यंत वाट बघत बसतात.

हे परिवर्तुळ म्हणजे सरांची गावभरची कीर्ती. कंपास नाही, दोरा नाही. हात एकदा फिरतो आणि फळ्यावर गोल गरगरीत वर्तुळ उमटतं, तेही तिन्ही शिरोबिंदूंतून जाणारं. नवी मुलं टाळ्या वाजवतात. जुन्या मुलांना गुपित ठाऊक असतं: सर आधी वर्तुळ काढतात, त्रिकोण मागाहून बसवतात. कबूल मात्र कोणी करत नाही. कुठल्याही घराण्याला एवढी निष्ठा लागतेच.

पहिल्या दिवसाचा प्रयोग ठरलेला. सर फळ्यावर पक्ष, साध्य, रचना, सिद्धता असे चार मथळे मांडतात आणि साध्याखाली लिहितात: ‘सर्व त्रिकोण समद्विभुज असतात.’ मुलं हसतात. सर हसत नाहीत. ए शिरोबिंदूच्या कोनाचा दुभाजक काढतात, समोरच्या बाजूचा लंबदुभाजक काढतात, दोन्ही त्रिकोणाच्या पोटात एका बिंदूत मिळवतात. तिथून उरलेल्या दोन बाजूंवर लंब टाकतात. मग एकरूप त्रिकोणांच्या जोड्या, मग समान तुकड्यांची बेरीज, आणि एबी बरोबर एसी. प्रत्येक पायरीला मुलं मान डोलावतात, आणि शेवटी एकमेकांची तोंडं बघतात. “पुढच्या रविवारी सांगा, कुठे चुकलं,” असं म्हणून सर फळा पुसतात. पुढच्या रविवारी निम्मी मुलं येत नाहीत. त्यांतली एकदोन शाळेत बाईंना सांगून येतात की त्रिकोणाचे प्रकार आता बाद झालेत, आणि बाईंचा सरांना फोन येतो.

चूक आकृतीत असते. ते दोन दुभाजक आत भेटतच नाहीत. ते भेटतात त्रिकोणाबाहेर, थेट परिवर्तुळावर, समोरच्या कंसाच्या बरोबर मध्यावर. आणि तिथून टाकलेल्या लंबांपैकी एक बाजूवर पडतो, तर दुसरा बाजू वाढवल्यावर. म्हणजे एकीकडे बेरीज हवी, तर दुसरीकडे वजाबाकी. हा कंसाचा मध्य सरांचं दैवत आहे. त्या बिंदूपासून त्रिकोणाचे उरलेले दोन शिरोबिंदू आणि अंतर्वर्तुळाचं केंद्र सारख्याच अंतरावर असतात, हे ते इतक्या हळुवारपणे सांगतात की मागच्या बाकावरची मुलंही क्षणभर गप्प होतात. चीनमधली मुलं याला ‘कोंबडीच्या पायाचं प्रमेय’ म्हणतात, कारण त्या मध्यापासून काढलेल्या तीन सारख्या रेघा तशाच दिसतात. ही माहिती सरांनी एका बेसावध क्षणी दिली. तेव्हापासून रविवारी सकाळी, ऐन श्रावणात, शाळेच्या खिडकीतून “अरे कोंबडीचा पाय लाव, कोंबडीचा पाय!” अशा आरोळ्या बाहेर येऊ लागल्या. शेजारच्या देवळात प्रवचन चालू होतं. पुढे काय पत्रव्यवहार झाला तो शाळेच्या दप्तरी असेल.

सरांची दोन वाक्यं मुलांना पाठ असतात. पहिलं, “आकृती नीट काढा, आकृती सगळं सांगते.” दुसरं, “आकृतीवर विश्वास ठेवू नका.” ही दोन्ही ते एकाच तासात, कधी एकाच मुलाला, आणि पूर्ण खात्रीनं सांगतात. मुलानं गोंधळून विचारलं की नक्की काय करू, तर तिसरं वाक्य येतं: “मोठी काढ.” त्यांचा निम्मा राग वहीच्या कोपऱ्यात काढलेल्या पावलीएवढ्या त्रिकोणांवर असतो. मला विचाराल तर हा राग रास्त आहे. पाठकोऱ्या कागदावर इंचभर आकृती काढून त्यात सात बिंदू कोंबणाऱ्या मुलाला पाचवा बिंदू कुठे गेला हे ब्रह्मदेवही सांगू शकणार नाही.

तरी सरांचा खरा शत्रू लहान आकृती नाही. खरा शत्रू ‘बॅश’. म्हणजे त्रिकोण उचलून निर्देशकांवर नाहीतर संमिश्र संख्यांवर आपटायचा आणि चार पानं आकडेमोड करून साध्य बाहेर काढायचं. ऑलिम्पियाडचे परीक्षक याला पूर्ण गुण देतात. सर नाइलाजानं देतात. असा पेपर हातात आला की ते तो दोन बोटांत धरतात, पानं उलटतात, शेवटी लाल पेनानं ‘बरोबर’ लिहितात आणि खाली बारीक अक्षरांत विचारतात: ‘पण का?’ एका मुलानं त्याखाली लिहिलं, ‘कारण डाव्या-उजव्या बाजू समान आल्या.’ सरांनी ते पान जपून ठेवलंय. पुरावा म्हणून, असं ते सांगतात.

भूमितीवाल्या सरांचा आणखी एक विशेष म्हणजे त्यांना मेलेल्या माणसांच्या हक्कांची फार काळजी. ‘सिमसनची रेषा’ असं पोरांनी म्हटलं की ते थांबवतात. ही रेषा सिमसनच्या लेखनात कुठेही नाही. ती १७९९ मध्ये विल्यम वॉलेसनं दिली. हे ते भाऊबंदकीत गेलेल्या जमिनीबद्दल बोलावं तशा तावातावानं सांगतात. सोसायटीच्या व्हॉट्सॲप गटात कोणी ‘आपल्या पूर्वजांनी सगळं आधीच शोधलं होतं’ असं टाकलं की तिथेही सर हजर. काय शोधलं, कोणी, कधी, असे तीन प्रश्न. आणि कोणी उत्तर द्यायच्या आत स्वतःच उत्तर: ब्रह्मगुप्त, इसवी सन ६२८, ब्राह्मस्फुटसिद्धांत. चक्रीय चौकोनाच्या चार बाजूंवरून क्षेत्रफळ. पुढे त्याच्या नावाचं प्रमेय: अशा चौकोनाचे कर्ण काटकोनात छेदत असतील, तर छेदनबिंदूतून एका बाजूवर टाकलेला लंब मागे वाढवला की समोरच्या बाजूला दुभागतो. खाली सिद्धता, हातानं लिहून फोटो काढलेली. अंगठे पडतात आणि विषय पाणीकपातीवर जातो. अभिमान बाळगणारे सगळेच. सिद्धता वाचणारे किती, हे सरांनी एकदा सिद्धतेच्या एका पायरीत मुद्दाम चूक करून तपासलं. कोणालाही सापडली नाही.

मंडळाची हजेरी मात्र परीक्षांच्या तालावर चालते. सप्टेंबरमध्ये आयओक्यूएम, म्हणजे पहिली चाळणी, असते, त्यामुळे गणपतीपर्यंत वर्गात बसायला जागा नसते. या चाळणीत तीस प्रश्न आणि प्रत्येकाचं उत्तर शून्य ते नव्याण्णवमधली एक पूर्ण संख्या. सरांना याचा मनस्वी संताप. “साध्य करा असं म्हणायचं सोडून हे विचारतात, कोन किती अंश! भूमितीचं उत्तर त्रेचाळीस असतं का?” पुढची विभागीय परीक्षा, मग जानेवारीतली राष्ट्रीय परीक्षा, तिथे सिद्धता लिहायच्या असतात. पण तोवर दिवाळी होऊन गेलेली असते आणि वर्गात सहा-सात मुलं उरतात. सरांची कळी तेव्हा खुलते. राष्ट्रीय परीक्षेपुढे प्रशिक्षण शिबिर, आणि त्यातून देशाच्या संघात जातात सहाजण. सरांच्या मंडळातून आजवर त्या सहांत कोणी गेलेलं नाही. १९९६ साली आंतरराष्ट्रीय ऑलिम्पियाड मुंबईत भरलं होतं, त्याची प्रश्नपत्रिका मात्र त्यांच्या पाकिटात असते. त्यातला पाचवा, षट्कोनाचा प्रश्न ते दर नव्या मुलाला देतात आणि म्हणतात, “सावकाश. घाई नाही.” प्रश्न इतका अवघड आहे की घाई करायची सोयच नाही.

ऑलिम्पियाड या शब्दावरून होणारा घोटाळा हे त्यांचं दुसरं दुखणं. शाळाशाळांतून फी भरून घेणाऱ्या आणि बसेल त्याला पदक देणाऱ्या परीक्षा निघाल्यापासून दर जूनमध्ये एखादी आई येते आणि सांगते, “आमच्या ह्याला तीन गोल्ड आहेत.” सर उठून उभे राहतात. खरंच उभे राहतात. मग गैरसमज दूर होतो आणि दोघंही अवघडून बसतात.

२०२४ साली इंग्लंडातल्या बाथ इथे झालेल्या ऑलिम्पियाडमध्ये आपल्या सहांनी चार सुवर्णपदकं आणली, देश चौथा आला. सरांनी पेढे वाटले. पण त्याच महिन्यात दुसरी बातमी आली. गूगलच्या यंत्रानं त्याच स्पर्धेतला चौथा, भूमितीचा प्रश्न एकोणीस सेकंदांत सोडवला. त्या रविवारी वर्गात सुतकी शांतता. पोरांना वाटलं, आता सर मंडळ बंद करतात की काय. सर आले ते प्रश्न आणि यंत्राची सिद्धता दोन्ही छापून घेऊन. प्रश्न वाचला तर त्यात कोण? कंसाचा मध्य! कोंबडीचा पाय! पहिला तास त्या आनंदातच गेला. दुसऱ्या तासाला सरांनी यंत्राची सिद्धता काढली, चष्मा कपाळावर चढवला, वाचली आणि फळ्याकडे धावले. यंत्रानं काय केलं होतं? बी शिरोबिंदूच्या कोनदुभाजकावर एक नवीनच बिंदू घेतला होता, जिथून एबी बाजू काटकोनात दिसते. “रचना!” सर ओरडले. “बघा, यंत्रानं रचना केली! बॅश नाही केलं!” मग मागच्या बाकाकडे वळून, दोन बोटांत पेपर धरावा तसा आवाज करून म्हणाले, “यंत्राला कळतं. काहींना कळत नाही.”

एकोणीस सेकंदांचं पुढे कोणी काढलं नाही. तो प्रश्न मंडळानं चार रविवार पुरवून पुरवून खाल्ला.

घरी सरांची सत्ता चालत नाही. काकूंना तीस वर्षांत शब्द सगळे पाठ झालेत आणि त्या ते अचूक जागी वापरतात. रात्री साडेदहाला सर कागदावर वाकलेले असले की आतून आवाज येतो, “अहो, साध्य राहू द्या, उद्याचं दळण पक्षात धरलंय का?” मंडळाच्या मुलांना मात्र सुट्टीत पोहे मिळतात ते काकूंमुळेच. सरांच्या मते मुलं भूमितीसाठी येतात. काकू यावर काही बोलत नाहीत.

तरी एक सांगायला हवं. शाळेतली भूमिती म्हणजे दहावीचा चाळीस गुणांचा पेपर. त्यासाठी प्रमेयं पाठ होतात, परीक्षा संपते आणि कंपासपेटीत पुढे हळदी-कुंकवाच्या पुड्या जातात. या मंडळात आठवीतली एखादी मुलगी एकाच आकृतीसमोर पाऊण तास न बोलता बसलेली मी पाहिली आहे. कोणी तिला हाक मारत नव्हतं, कोणी घड्याळ बघत नव्हतं. सर खिडकीशी उभे होते, पाठ करून, तिच्यावर नजरेचा दाब पडू नये म्हणून. आपल्या गावात मुलांना इतका वेळ चुकू देणारी दुसरी जागा मला ठाऊक नाही, आणि म्हणून या माणसाची थट्टा करताना माझा हात थोडा आखडतो.

जूनमध्ये फाटकावर तो कागद पुन्हा लागेल. घरात आठवी-नववीचं मूल असेल तर पाठवा. वही कोऱ्या पानांची द्या, रेघांची नको. पेन्सिलला टोक काढून द्या. आणि तुम्ही स्वतः सोडायला जाल तेव्हा जेईईचं विचारू नका; बाक मोजकेच आहेत.