पैशाचं सोंग

रॉबर्ट वेबचा चेहरा उशिरा उठल्याचं कारण शोधणाऱ्या कॉलेजकुमारासारखा आहे. ‘पीप शो’ या ब्रिटिश मालिकेत त्याने आयतोबाचं कामही झकास केलं. 2009 साली हाच गृहस्थ बीबीसीच्या ‘लेट्स डान्स फॉर कॉमिक रिलीफ’ या कार्यक्रमात उतरला, तेव्हा त्याच्या डोक्यावर कुरळ्या केसांचा भलामोठा टोप, अंगाला चिकटलेला काळा पोशाख आणि पोटऱ्यांवर ओघळलेले लोकरी पायमोजे होते. वय 36. गाणं ‘फ्लॅशडान्स’ सिनेमातलं, शेवटच्या परीक्षेचं. मी हा नाच फोनवर आधी एकट्याने पाहिला आणि मग घरातल्या प्रत्येकाला पकडून दाखवला.

गंमत अशी की त्यात विनोद असा काहीच नव्हता. वेबने डोळा मारला नाही, प्रेक्षकांकडे बघून ‘कसा फजीत होतोय बघा’ असा भाव आणला नाही. परीक्षेत नापास झालो तर आयुष्य फुकट जाईल, असा चेहरा करून तो जीव तोडून नाचला. उड्या मारल्या, गिरक्या घेतल्या, जमिनीवर लोळला. लोक हसून हसून बेजार झाले आणि त्या वर्षी त्यालाच जिंकवून मोकळे झाले.

‘फ्लॅशडान्स’ आला 1983 साली. पिट्सबर्गमध्ये दिवसा वेल्डिंग करणारी आणि रात्री बारमध्ये नाचणारी मुलगी मोठ्या नृत्यशाळेत प्रवेश मिळवते, अशी गोष्ट. नायिका जेनिफर बील्स. पण पडद्यावर जे नाचतं ते बहुतेक मरीन जहान नावाच्या नर्तिकेचं अंग. श्रेयनामावलीत तिचं नावसुद्धा नव्हतं. हवेतली ती झेप शॅरन शपिरो या जिम्नॅस्टची. आणि पाठीवर भोवऱ्यासारखं फिरणं? ते न्यूयॉर्कच्या ‘क्रेझी लेग्ज’ या ब्रेकडान्सरचं. म्हणजे चक्क एका मुलाचं, डोक्यावर टोप चढवून! जग ज्या नाचाला एका मुलीचा नाच समजत होतं, तो चार जणांनी मिळून नाचलेला होता. वेबने तो एकट्याने निभावला. टोपातला पुरुष म्हणून त्याला हसणाऱ्यांना ठाऊक नसेल, पण टोपातला पुरुष अस्सल सिनेमातही होताच.

आमची आजी म्हणायची, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. महिनाअखेरीला तर ती हे वाक्य आजोबांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायची. इंग्रजांनी मात्र या म्हणीला वळसा घातला. पैशाचं सोंग आणता येत नसेल, तर सोंगातून पैसा आणू, असं त्यांनी ठरवलं. इथिओपियातल्या दुष्काळानंतर 1985 साली लेखक रिचर्ड कर्टिस आणि विनोदी नट लेनी हेन्री यांनी ‘कॉमिक रिलीफ’ ही संस्था सुरू केली. 5 फेब्रुवारी 1988 रोजी पहिला ‘रेड नोज डे’ झाला. लोकांनी नाकावर लाल बोंडं लावली, टीव्हीवर रात्रभर विनोदवीरांनी हजेरी लावली आणि दीड कोटी पौंड जमा झाले. 2015 पर्यंत संस्थेची एकूण जमा एक अब्ज पौंडांपलीकडे गेली होती. नाचाच्या कार्यक्रमातला हिशेब साधा होता: आवडत्या नाचाला फोन करून मत द्यायचं, फोनच्या पैशांतला वाटा मदतीला जायचा. पुढे संस्थेवर टीकाही झाली. नामवंत मंडळी आफ्रिकेत जातात, तिथल्या उपाशी पोरांना कडेवर घेऊन डोळे पुसतात, हे लोकांना खटकू लागलं, आणि 2020 मध्ये संस्थेने ते बंद करण्याचं ठरवलं. बरंच झालं. कॅमेरा कुणाच्या उपासमारीवर रोखण्यापेक्षा एखाद्या नटाच्या सरकणाऱ्या टोपावर रोखलेला परवडला.

याच नाचाच्या कार्यक्रमात 2011 साली विनोदवीर नोएल फील्डिंगने केट बुशच्या ‘वुदरिंग हाइट्स’ या गाण्यावर हात-पाय हवेत तरंगवले. पण माझा जीव अडकला आहे तो एड एडमंडसनच्या हंसात. हा गृहस्थ 1980च्या दशकात ‘द यंग वन्स’ या मालिकेत कपाळावर खिळे मिरवणारा, हाताला येईल ते फोडणारा उपद्व्यापी पंक होता. पन्नाशी ओलांडल्यावर त्याने नाचायला काय घ्यावं? ‘मरणारा हंस’! फोकिनने आना पावलोवासाठी बसवलेलं, चवड्यांवर थरथरत नाचायचं, नर्तिकांना घाम फोडणारं ते छोटंसं बॅले. पावलोवा 1928 साली मुंबईत आली होती तेव्हा तिचा प्रयोग रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी पाहिला, आणि नृत्याकडे वळण्याचा त्यांचा रस्ता तिथून सुरू झाला. एकाच कलेची केवढी ही वाटचाल! एक धागा रुक्मिणीदेवींच्या ‘कलाक्षेत्र’ या नृत्यसंस्थेपर्यंत पोचला आणि दुसरा खिळेवाल्या पंकाच्या अंगावरच्या पिसांपर्यंत. पावलोवाला दुसरं कितपत आवडलं असतं, कोण जाणे. पण तो टाकीत होता ते पाऊल मनापासून टाकीत होता, एवढं तिने मान्य केलं असतं.

बाईच्या वेषातल्या पुरुषाने निधी जमवणं हे आपल्याला काही नवं नाही. 1921 साली टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ हे नाटक झालं. धैर्यधर केशवराव भोसले, भामिनी बालगंधर्व. दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एका रंगमंचावर! फरक इतकाच की तिथे भामिनीला बघून कुणी हसलं नाही. बायका म्हणे तिच्यासारखं लुगडं नेसायला शिकल्या. वेबला बघून कुणी पायमोजे विकत घेतले असतील असं वाटत नाही.

हे सगळं मी मोठ्या अधिकाराने सांगतोय, कारण मीही नाचलो आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये सांगली-कोल्हापूरला महापूर आला. सप्टेंबरात गणपती बसले. आमच्या सोसायटीने ठरवलं, यंदा ऑर्केस्ट्रा नाही, कार्यक्रम आपलाच आणि जमेल ती रक्कम पूरग्रस्तांना. सेक्रेटरी वहिनी घरी आल्या.

“भाऊजी, तुम्ही नाचा. तुम्ही नाचताय म्हटल्यावर लोक पाकिटं उघडतील.”

“आणि ‘पुरे करा’ म्हणून वर आणखी देतील,” चहा ठेवता ठेवता आमची ही म्हणाली.

मी ‘तेजाब’मधला माधुरीचा नाच निवडला. 1988 चा सिनेमा, सरोज खान यांनी बसवलेला नाच, महिन्याच्या तारखा मोजणारं गाणं. ड्रेपरीवाल्याकडून टोप आणि गुलाबी झगमगीत कपडे आणले. आठ दिवस गच्चीवर तालीम केली. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी दोनदा वर येऊन पाण्याची टाकी फुटली आहे का, अशी चौकशी केली.

प्रत्यक्ष प्रयोगाच्या दिवशी मी शहाणपणा केला. लोकांना हसवायचंय ना, म्हणून सुरुवातीलाच तोंडं वेडीवाकडी केली, कंबर मुद्दाम चुकीच्या बाजूला फेकली. समोर सगळे लग्नातल्या फोटोत हसतात तसे हसले. एक बाळ रडलं. गाण्याच्या ध्रुवपदात मोजणी तेरापर्यंत जाते, मी सातावरच अडकलो. पुढचं पाऊल आठवेना. मग तोंडं करायचं राहूनच गेलं. घाम पुसत, ओठांनी आकडे पुटपुटत, ‘आता डावा, आता उजवा’ करत मी तेरापर्यंत पोचायची धडपड करू लागलो, तेव्हा कुठे मांडव खदखदून हसला. दहाव्या तारखेला टोप डोळ्यांवर आला. तो वर करायला हात मोकळा नव्हता. उरलेला नाच मी अंधारातच केला आणि म्हणे तोच सगळ्यात चांगला झाला.

डबा फिरला. पाकिटं उघडली. आजोबांनी पाचशेची नोट टाकली आणि पुढच्या वर्षी गच्चीला कुलूप लावायची अट घातली. रक्कम त्याच आठवड्यात सांगलीला पोचली. गुलाबी कपडेही परत गेले. टोप मात्र नातवाने माळ्यावर लपवून ठेवलाय, आणि ड्रेपरीवाल्याला दिलेलं डिपॉझिट त्यापायी बुडालं.