भर दुपारी हेडलाइट

फिनिक्सहून ग्रँड कॅनियनचा दक्षिण काठ साधारण 370 किलोमीटर. ॲरिझोनातली माणसं हे अंतर चार तासांत कापतात. सांगलीहून आलेले, विजेच्या खात्यात हयात घालवलेले सासरे बरोबर असले, की पहिला तास दारातच जातो.

मुक्काम मॅदर कॅम्पग्राउंडवर होता. तिथे पिकअपमागे ओढायच्या कॅम्परला विजेची जोडणी मिळत नाही, आणि 2100 मीटर उंचीवर मे महिन्यातही रात्री दात वाजतात. कॅम्परचा हीटर पेटतो गॅसवर, पण त्याचा पंखा फिरतो बॅटरीवर. टाकी गच्च भरलेली असली तरी बॅटरी बसली की गोधड्या काढायच्या. म्हणून पुढची पिकअप मागची बॅटरी भरते की नाही, हे निघण्याआधी बघणं आलं.

"भरते की, बाबा! हे बघा, 13.6 व्होल्ट!" जावयाने मीटर पुढे केला.

"घरच्या लाइनची वायर काढलीत का, जावईबापू?"

नव्हती काढली. ती काढून जरा थांबल्यावर आकडा 12.4 वर येऊन बसला. इंजिन सुरू केलं, तरी 12.4च. म्हणजे बॅटरी भरत होती घराची वीज, आणि श्रेय खात होती गाडी.

सासूबाईंनी दुसरा चहा टाकला.

पिकअपच्या मागच्या सात पिनांच्या सॉकेटमध्ये चार्जिंगच्या पिनवर शून्य निघालं. बॉनेट उघडलं तर ट्रेलरच्या फ्यूजची जागा रिकामी! काही पिकअपचा हा फ्यूज मुळात बसवलेलाच नसतो. ट्रेलर ओढणाऱ्याने तो आपला आपण लावायचा. 30 अँपिअरचा फ्यूज लावल्यावर सॉकेटवर 14.1 आले, बॅटरीवर मात्र 13.4. लांब आणि बारीक वायर वाटेत आपला वाटा काढून घेते. जाड वायर किंवा कॅम्परमध्ये व्होल्टेज वाढवून देणारा चार्जर हा त्यावरचा खरा इलाज. पण तो त्या सकाळी कुठून आणणार?

वाटेतल्या सनसेट पॉइंटच्या थांब्यावर पुन्हा मीटर लावला, इंजिन चालू ठेवूनच. 12.9! हल्लीच्या गाड्यांचा कॉम्प्युटर स्वतःची बॅटरी भरली की पेट्रोल वाचवायला अल्टरनेटरचं व्होल्टेज उतरवतो. मागे कॅम्पर उपाशी आहे, हे त्याच्या गावीही नसतं. काही गाड्यांत हेडलाइट लावले की व्होल्टेज पुन्हा वर येतं. सासऱ्यांनी लावायला सांगितले. आकडा 13.3.

"भर दुपारी दिवे? ग्रहण आहे का आज?" सासूबाईंनी विचारलं.

पण नुसत्या व्होल्टवर भागत नाही. वायरीभोवती चिमटा-मीटर धरला, तर बॅटरीत जेमतेम 2 अँपिअर शिरत होते. बाकीचे बॅटरीवर चालणारा फ्रिज गिळत होता. तो बंद केल्यावर 9 झाले.

"अहो, फ्रिजमध्ये श्रीखंड आहे!"

हीटर की श्रीखंड, हा पेच सासूबाईंनीच सोडवला. पुऱ्यांचा डबा तिथल्या बाकावर उघडला आणि डबा-पातेलं रिकामं करूनच सगळे उठले.

मॅदरला पोचल्यावर सासऱ्यांनी मीटरला कोणाला हात लावू दिला नाही. चार्जिंग थांबल्यावर लगेच मोजलं तर आकडा फुगलेला दिसतो. बॅटरीला काही वेळ विसावा हवा. तेवढ्यात काठावर जाऊन दीड किलोमीटर खोल दरी बघून झाली. त्यातही सासऱ्यांचा एक डोळा घड्याळावर होता. परतल्यावर मीटर लावला: 12.6.

रात्री हीटर धडधडत राहिला. पहाटे सासूबाईंनी उठून बंद केला. त्यांना उकडत होतं.