आकडे रंगवण्याची विद्या

इन्फोग्राफिक शिकायला निघालेल्या माणसाचे सर्वात मोठे भांडवल म्हणजे त्याला अजून काहीच येत नसते. हे भांडवल फार दिवस टिकत नाही, म्हणून आहे तोवर ते कामाला लावावे. पुढे एखादा बरा शिक्षक भेटतो, चार पुस्तके वाचनात येतात आणि मग माणूस साधा एक स्तंभ काढण्याआधी विचार करत बसतो. अशाचे काम वेळेवर होत नाही, आणि झालेच तर ते पाहून कुणी 'वा!' म्हणत नाही. सगळे नुसते वाचत बसतात.

सुरुवात आकड्यांपासून करू नये. आकडे बहुधा छपाईच्या आदल्या रात्री येतात आणि जिथे जागा उरली असेल तिथे बसतात. आधी टेम्प्लेट निवडावे. त्यात सहा वर्तुळे असतील तर आपल्याकडे सहा मुद्दे आहेत असे धरून चालावे. चारच निघाले तर 'पारदर्शकता' आणि 'लोकसहभाग' हे दोन कुठेही चालतात, आजवर कुणी परत पाठवलेले नाहीत.

या विद्येचा मूळपुरुष विल्यम प्लेफेअर. हा स्कॉटिश गृहस्थ काही काळ जेम्स वॉटकडे ड्राफ्ट्समन होता. १७८६मध्ये त्याने व्यापाराचे रेषालेख आणि स्तंभालेख छापले, १८०१मध्ये पाय चार्ट आणला. मधल्या काळात पॅरिसला राहून फ्रेंच लोकांना अमेरिकेतली जमीन विकण्याच्या उद्योगातही त्याचा हात होता. माणसे समुद्र ओलांडून गेली तेव्हा हातातली कागदपत्रे कुचकामी निघाली. घराण्याचा संस्थापकच इतका मोकळ्या मनाचा असताना आपण संकोच करण्याचे कारण नाही.

पाय चार्टवर नवशिक्याने जीव लावावा. क्लीव्हलँड आणि मॅकगिल या दोन संशोधकांनी १९८४मध्ये दाखवून दिले की एकाच मोजपट्टीवरची स्थाने माणसाच्या डोळ्याला नीट तोलता येतात, कोन आणि क्षेत्रफळे तितकी येत नाहीत. म्हणजे आकृती पाहणाऱ्याला नक्की काय ते कळणार नाही, याची हमी शास्त्रानेच दिली. त्याउपर पाय तिरका करून त्रिमितीत टाकावा. पुढच्या बाजूची फोड आपोआप मोठी दिसते, तिथे आपला विभाग बसवावा. बेरीज शंभर यायलाच हवी हा आग्रहही कोतेपणाचा आहे. अमेरिकेत २००९मध्ये फॉक्सच्या एका वाहिनीने तीन नेत्यांची लोकप्रियता ७०, ६३ आणि ६० टक्के अशी एकाच पायमध्ये दाखवली होती. एकूण १९३. तिघांपैकी कुणाचेही मन दुखावले नाही.

आता स्तंभालेख. महाराष्ट्राची साक्षरता २००१मध्ये ७६.८८ टक्के होती, २०११मध्ये ८२.३४ झाली. शून्यापासून अक्ष धरला तर दोन्ही स्तंभ भावाभावांसारखे दिसतात आणि दहा वर्षांत आपण केले काय, असा प्रश्न भर बैठकीत निघू शकतो. अक्ष ७५पासून सुरू करा. दुसरा स्तंभ पहिल्याच्या जवळजवळ चौपट होतो, आणि आकडा एकही खोटा नाही. एडवर्ड टफ्टी यांनी १९८३च्या आपल्या ग्रंथात अशा कर्तबगारीसाठी 'लाय फॅक्टर' हे मापच काढले आहे: चित्रातली वाढ भागिले आकड्यातली वाढ. त्यांनी नमुना म्हणून न्यूयॉर्क टाइम्समधला १९७८चा एक आलेख घेतला, त्याचा गुणांक १४.८ भरला. आपल्या साक्षरतेच्या चित्राचा सुमारे ४१ भरतो. त्या वृत्तपत्राकडे पगारी चित्रकारांची फौज होती. इकडे एक नवशिका आणि अक्षाची खूण बदलणारे एक बटण.

स्तंभांनी पोट भरले नाही तर चित्रे. व्हिएन्नात १९२५मध्ये संग्रहालय उभारणाऱ्या ओटो न्यूराथने एक शिस्त घालून दिली होती: संख्या जास्त असेल तर चित्रे जास्त काढा, चित्र मोठे करू नका. ही शिस्त सामान्य माणसाला चटकन समजते, त्यामुळे आपल्या कामाची नाही. शेतकऱ्याचे उत्पन्न दुप्पट दाखवायचे आहे? शेतात ते अवघड असेल, पडद्यावर पोत्याचा कोपरा धरून ओढला की झाले. उंची दुप्पट करताना रुंदीही दुप्पट होते, डोळ्याला पोते चौपट दिसते. पोते त्रिमितीत असेल तर आठपट. योजनेला एवढा परतावा दुसरीकडे कुठे मिळत नाही.

नकाशाशिवाय मराठी इन्फोग्राफिक पुरे होत नाही. ३६ जिल्हे, प्रत्येकात रंग. कुठल्या जिल्ह्यात किती लोक हे दाखवायचे असेल तर निसर्गच आपल्या बाजूने उभा राहतो. गडचिरोली १४,४१२ चौरस किलोमीटरचा, २०११च्या जनगणनेत तिथे पावणेअकरा लाख माणसे. मुंबई शहर जिल्हा १५७ चौरस किलोमीटरचा, माणसे जवळपास एकतीस लाख. नकाशावर गडचिरोली हातभर पसरतो आणि मुंबई शहर म्हणजे छपाईचा डाग वाटून कुणीतरी नखाने खरवडू पाहतो. असा नकाशा पाहणाऱ्याची खात्री पटते की या राज्यात माणसे फार नाहीत, झाडेच आहेत. नियोजनाला याने केवढा दिलासा मिळतो! रंग मात्र लाल आणि हिरवा हेच घ्यावेत. काही पुरुषांना या दोहोंतला फरक दिसत नाही, त्यांना सगळेच जिल्हे सारखे दिसतील. समता ती हीच.

आता मराठी मजकूर. इथे परदेशी नवशिक्यांना न मिळणारी संधी आपल्याला आहे, तेव्हा जरा थांबू. टेम्प्लेटचा फॉन्ट इंग्रजीसाठी बनवलेला असतो, त्यात देवनागरी नसते. सॉफ्टवेअर मग मनाला येईल तो फॉन्ट उचलते. दक्षिण आशियाई लिपीची सोय चालू केलेली नसेल तर पहिली वेलांटी अक्षर ओलांडून पलीकडे जाऊन उभी राहते आणि जोडाक्षरे पाय मोडून एकमेकांशेजारी बसतात. 'विद्यार्थी' हा शब्द असा सुटा झाला की तो वाचणाऱ्याला शिक्षणव्यवस्थेची जी कल्पना येते ती कुठल्याच आलेखाने येणार नाही. ओळींमधले अंतरही इंग्रजीच्या मापाचे ठेवावे, म्हणजे वरच्या ओळीचा उकार खालच्या ओळीच्या रफारावर पाय देईल. कार्यालयातून आलेला श्री-लिपीतला मजकूर युनिकोडमध्ये न बदलता तसाच चिकटवला, तर 'आरोग्य' च्या जागी कंस, स्वल्पविराम आणि तारांकने येतात. ती काढू नयेत. वाचणारे त्याला तांत्रिक परिभाषा समजतात आणि आदराने पुढे जातात. 'एक टाइप' या मुंबईच्या मंडळींनी मुक्त, बालू असे फॉन्ट विनामूल्य उपलब्ध करून दिले आहेत. त्यांत मराठी व्यवस्थित वाचता येते, एवढे सांगितले म्हणजे कशापासून लांब राहायचे ते समजेल.

कुणी जाणकार मिनार्डचे नाव तोंडावर फेकेल. शार्ल मिनार्ड या फ्रेंच अभियंत्याने १८६९मध्ये, वयाच्या ८८व्या वर्षी, नेपोलियनच्या रशियन स्वारीचा तक्ता काढला. निघताना ४,२२,००० माणसे, परतताना १०,०००, आणि दहा हजारांना एक मिलिमीटर या मापाने बारीक होत जाणारा पट्टा. दोनच रंग. ना लोगो, ना हसरे कुटुंब, ना वरच्या कोपऱ्यात सम्राट. उलट पाहणाऱ्याला सम्राटाने काय केले ते लगेच कळते. असा तक्ता आपल्याकडे पहिल्याच बैठकीत परत आला असता, शेऱ्यासह: 'सकारात्मक करणे.' फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचेही तेच. क्रिमियात सैनिक जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी जास्त मेले, हे त्यांनी १८५८मध्ये पाकळ्यांच्या आकृतीने दाखवले. आकृती बघून वरिष्ठांना काही करावेसे वाटले तर ती आकृती फसली, एवढे साधे या बाईंना कुणी सांगितले नसावे.

काम तयार झाले की ते व्हॉट्सअॅपवर जाते, तिथे आणखी थोडे धूसर होते. तळाशी फिकट करड्या रंगात, सहा पॉइंटात, 'स्रोत: विविध संकेतस्थळे' असे लिहावे. तारीख घालू नये, पुढच्या वर्षी हेच वापरायचे असते.

राहता राहिला साहेबांचा फोटो. तो वरच्या उजव्या कोपऱ्यात, मुख्य आलेखापेक्षा मोठा असावा. मोठा करताना मात्र शिफ्टची कळ दाबून, उंची आणि रुंदी एकाच प्रमाणात वाढते आहे हे दोनदा तपासावे. इथे प्रमाण चुकलेले चालत नाही.